फिरतं का डुलतं

‘पात्याला पोलाद हवं, दलाली नको!’ हा मथळा मी लिहिला तेव्हा मला हेलिकॉप्टरच्या पात्याबद्दल थोडंफार कळत होतं. दलालीबद्दल काहीच कळत नव्हतं. पण मथळा झाला होता झकास. मी तो दोनदा मोठ्यानं वाचून बघितला.

मी नांदेडला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होतो. घर लातूरला. वडलांचा छोटा छापखाना होता, म्हणजे एक खोली, खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, ठेवायच्या खणांच्या दोन घोड्या आणि पायानं चालवायची एक ट्रेडल मशीन. वडलांना आम्ही दादा म्हणत होतो. मला वाचायला शिकवलं ते शाळेच्या पुस्तकानं नव्हे, दादांनी छापलेल्या पत्रकांनी. नामांतराची पत्रकं, मजुरांच्या मोर्चाची पत्रकं, जयंतीची पत्रकं. जुनी पत्रकं गठ्ठ्यांनी माळ्यावर पडलेली असायची आणि मी ती गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचायचो. पहिल्या परिच्छेदात अन्याय, दुसऱ्यात तपशील, तिसऱ्यात ‘यात फायदा कोणाचा?’ आणि शेवटी हाक. जगात जे काही चुकतं त्याच्या मुळाशी कोणाचा तरी फायदा असतो, हे मला बाराखडीइतकं पाठ होतं.

दादांचा छापखान्यात एकच कडक नियम होता. छापायच्या आधी एक कागद काढायचा, तो मजकूर देणाऱ्यानं वाचायचा आणि खाली सही करायची. सही झालेलं प्रूफ भिंतीवरच्या सळईत खोचायचं, मगच मशीन चालवायची. हा नियम भूकंपानंतरचा. त्या आठवड्यात कुठल्या गावचं कोण कुठल्या दवाखान्यात आहे, कोण गेलं, याच्या याद्या दादा दिवसभर छापत होते. एका यादीत एक नाव दवाखान्याच्या रकान्यातून गेलेल्यांच्या रकान्यात घसरलं. तिसऱ्या दिवशी त्या माणसाची बायको तो कागद घेऊन छापखान्याच्या दारात आली. तिचा नवरा सोलापूरच्या दवाखान्यात जिवंत होता, पाय मोडलेला, आणि ती तोवर बांगड्या फोडून बसली होती. ती भांडली नाही. कागदावरच्या नावावर बोट ठेवून तिनं फक्त विचारलं, “हे कुणी लिवलं?” दादा पुढं कैक वर्षं हा प्रश्न तिच्याच आवाजात सांगायचे.

मी तेव्हा दुसरीत होतो. मला त्या दिवसांतलं आठवतं ते हेलिकॉप्टर. मदतीचं सामान घेऊन एक हेलिकॉप्टर मैदानात उतरलं होतं आणि आम्ही पोरं दोराच्या अलीकडे उभी होतो. धूळ, वारा, आणि डोक्यावर गरगर फिरणारी पाती. नंतर ती थांबली, खाली लवली, आणि एक माणूस शिडीवर चढून पात्याच्या मुळाशी काहीतरी बघत राहिला. पण माझ्या डोक्यात राहिली ती गरगर. म्हणून शेवटच्या वर्षी प्रोजेक्टच्या विषयांच्या यादीत ‘हेलिकॉप्टरच्या पात्याच्या मुळाशी कोणतं बेअरिंग निवडावं’ असा विषय दिसला तेव्हा मी त्यावर झडप घातली. बाकीच्यांनी पाण्याचे पंप घेतले.

विषय थोडक्यात सांगतो. हेलिकॉप्टरची पाती मधल्या दांड्याभोवती फिरतात, हे सगळ्यांना दिसतं. जे दिसत नाही ते असं, की प्रत्येक पातं फिरता फिरता स्वतःच्या लांबीभोवतीही वळतं, तव्यावरची भाकरी उलथण्यानं जरा तिरकी करावी तसं. पात्याचा हा तिरकेपणा कमीजास्त करूनच हेलिकॉप्टर वर जातं, खाली येतं, पुढं झुकतं. पातं वळायचं म्हणजे त्याच्या मुळाशी बेअरिंग हवं. आणि फिरणारं पातं गोफणीतल्या दगडासारखं बाहेर ओढत असतं, त्यामुळं त्या बेअरिंगवर कित्येक टनांचा ताण. एवढा ताण सोसून हलकं वळेल असं काय बसवायचं, हा प्रश्न.

माझं उत्तर पहिल्या दिवशीच तयार होतं. पोलादाचं बॉल बेअरिंग. ते उत्तर मला लातूरच्या शिकवणीत मिळालं होतं. मी बारावीत होतो त्या काळात लातूरमध्ये गल्लोगल्ली शिकवण्या निघाल्या होत्या. दादांच्या मशीनवर आता मोर्चाची पत्रकं कमी आणि पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो जास्त छापले जायचे. मला त्याची चीड होती, पण मीही एका शिकवणीत बसतच होतो. तिथं पदार्थविज्ञानाचे शिक्षक टाळ्या वाजवून पाठ करून घ्यायचे, “फिरतं तिथं?” आणि आम्ही दोनशे जण एका सुरात, “बॉल बेअरिंग!” गाळलेली जागा भरा, एक गुण. मला तो मिळाला होता.

आमच्या प्रोजेक्टचे सर उदगीरकडचे, हळू बोलणारे, विद्यार्थ्यांना तुम्ही म्हणणारे. कॉलेजात यायच्या आधी ते एका रबराच्या कारखान्यात होते. माझा अहवाल त्यांनी पहिल्यांदा वाचला तेव्हा म्हणाले, “रबर आणि पोलादाच्या थरांचं बेअरिंग असतं. ते बघा एकदा.” सोबत एक झेरॉक्सही दिली. ती माझ्या खांद्यावरच्या पिशवीच्या तळाशी गेली, मी बघितलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, “बघितलं का?” मी म्हणालो, “सर, एवढा ताण रबर सोसेल का?” ते म्हणाले, “म्हणून तर बघा म्हणतो.” तिसऱ्या वेळी, तोंडी परीक्षा सोमवारवर आलेली असताना शुक्रवारी सकाळी, त्यांनी अहवाल परत दिला. पानभर माझा युक्तिवाद होता आणि समासात लाल शाईनं दोनच शब्द: ‘किती अंश?’

एवढंच. ना खुलासा, ना सूचना. चार महिन्यांच्या कामावर दोन शब्द.

त्याच दिवशी कुठलंसं पुस्तक घ्यायला मी सरांच्या खोलीत गेलो तर कपाट उघडं होतं. आत एक वाटीएवढा गोल काळा ठोकळा, रबराच्या आणि पोलादाच्या पातळ चकत्या एकावर एक चिकटवलेला. वर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर त्या जुन्या कारखान्याचं नाव. माझ्या डोक्यात तिसरा परिच्छेद आपोआप जुळला. यात फायदा कोणाचा?

माझ्यासोबत प्रोजेक्टला नायगावचा एक मित्र होता. त्याला मी वसतिगृहाच्या पायऱ्यांवर, तासाभरात लिहून काढलेल्या पत्रकाचा मजकूर वाचून दाखवला. ‘विद्यार्थ्यांच्या अहवालांतून जुन्या मालकांची जाहिरात करणाऱ्या दलाल प्राध्यापकांना आमचा सवाल’, असं त्यात होतं. सरांचं नाव नव्हतं, पण विषय होता, विभाग होता, आणि रबर होतं. विभागात रबराचे सर एकच.

मित्र म्हणाला, “सरला विचार की आधी.”

“विचारून कोण कबूल करतं?”

“अरे पण ठोकळा कपाटात हाय म्हणून माणूस दलाल होतो का? माझ्या पेटीत गांधी टोपी हाय, मी पुढारी झालो का?”

“तू भित्रा आहेस.”

“हाव, हाय,” तो म्हणाला. “सोमवारी तोंडी हाय आणि मला पास व्हायचंय.”

मी दुपारच्या लातूर गाडीच्या कंडक्टरजवळ पाकीट दिलं. दादांना चिठ्ठी लिहिली: पाचशे प्रती, प्रूफ तुम्हीच वाचा, सहीला वेळ नाही, रविवारी दुपारी पोचणाऱ्या गाडीनं पाठवा. सोमवारी सकाळी तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येणार होते. पत्रक त्यांच्या हातात पडायला हवं होतं. शनिवारभर मला गुदगुल्या झाल्यासारखं होत होतं. एकदा मात्र मेसमध्ये जेवताना सर बाहेरून सायकल ढकलत जाताना दिसले, पँटीला क्लिप लावलेली, आणि माझा घास जरा रेंगाळला. पण छापायला गेलेलं गेलं होतं.

रविवारी मी स्टँडवर गेलो. गाडी आली. कंडक्टर पार्सलं उतरवत होता.

“लातूरचं छापखान्याचं पार्सल?”

“न्हाई दिलं कुणी.”

“पाचशे कागदांचा गठ्ठा असेल.”

“भाऊ, कोंबड्या हायत, सायकलीचं टायर हाय, एक सासूबाई हायत. गठ्ठा न्हाई.”

मागच्या सीटवरची बाई म्हणाली, “सासूबाई कोणाला म्हणतो रे?” आणि लोक हसायला लागले. मला हसू आलं नाही. मला एकदम कळलं, किंवा कळलं असं वाटलं, की दादा घाबरले. शिकवणीवाल्यांचे फोटो छापून छापून त्यांच्यातला माणूस विझला. छापखान्याशेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या फोनवर निरोप ठेवायची सोय होती, पण रविवारी त्याचं दुकान बंद. मी त्याच पावली उलट जाणाऱ्या लातूर गाडीत बसलो. लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळ्या रस्त्यानं मी मनातल्या मनात दादांशी भांडत होतो आणि प्रत्येक वेळी जिंकत होतो.

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. छापखान्याचं दार उघडं होतं. आई दारात बसून कुठल्याशा शिकवणीची पत्रकं घडी घालत होती. ती वर बघून म्हणाली, “आले का विंजनेर साहेब! जेवलास का?”

मी थेट आत. “पत्रक का नाही पाठवलं?”

दादा स्टुलावर बसले होते. “मशीन बंद हाय.”

“मशीन बंद हाय का तुम्ही बंद पडलात? खरं सांगा ना, भ्या वाटलं म्हणून. पोरांचे फोटो छापायला मशीन चालती, आणि माझ्या पत्रकाला बंद पडती?”

दादांच्या आधी बोलली आई. घडी घालणं न थांबवता म्हणाली, “नामांतराच्या वक्ताला ह्या माणसानं पोलीस दारात उभे असताना कागद छापलेत. तुझा तवा पत्ता बी नव्हता. भ्या म्हणतो.” मग घडी घातलेला गठ्ठा माझ्या पायाशी सरकवून म्हणाली, “आन हे फोटो कवाचे हायत बघ. गेल्या महिन्याचे. त्याच्यानंतर मशीन कण्हतच हाय.”

दादांनी खालच्या फळीवरून पाना काढला आणि माझ्यापुढं धरला. “खोल. तूच बसवलंस.”

इथं मला दिवाळीच्या सुट्टीचं सांगायला हवं. आमच्या मशीनला दोन मुख्य जागा होत्या. एक मोठं चाक, ते पायानं मारलं की गोल फिरतं. दुसरी कागद धरणारी लोखंडी पाटी, जी खिळ्यांवर येऊन दाबते आणि मागं जाते, येते आणि जाते. पाटीच्या दांड्याला जुने पितळी बुश होते, म्हणजे दांडा ज्यांत हलतो त्या छोट्या नळ्या, आणि ते झिजून पाटी खडखडायची. दादा दर दोनचार वर्षांनी नवे बुश टाकायचे आणि रोज सकाळी दोन थेंब तेल. मी सुट्टीत आलो आणि म्हणालो, हे काय जुनाट! बाजारात ट्रॅक्टरचं सामान विकणाऱ्याकडून दोन बॉल बेअरिंगं आणली, लेथवाल्याकडून जागा मोठी करून घेतली आणि बसवली. ग्रीस भरून टाकलं. पहिल्या आठवड्यात मशीन अशी चालली की दादा गिऱ्हाइकांना मुद्दाम सांगायचे, “पोरानं केलं.” मी नांदेडला जाऊन अहवालात एक वाक्यही घातलं, की लेखकाने हे प्रत्यक्ष वापरून पाहिले आहे.

आता मी खिळी काढली, झाकण काढलं. बेअरिंग बाहेर यायला तयार नव्हतं. ठोकून काढलं. आतलं ग्रीस कडेला ढकललं गेलं होतं आणि मधे तांबडी भुकटी, गंजाची. बेअरिंगची बाहेरची कडी, जिच्या आतून पोलादी गोळ्या म्हणजे छर्रे धावतात ती, पुसून उजेडात धरली. छर्‍यांच्या वाटेवर ठरावीक अंतरावर खड्डे पडले होते. प्रत्येक छर्‍यानं आपापल्या जागी घर करून ठेवलेलं. दोन खड्ड्यांच्या मधली जागा मात्र नवीकोरी, आरशासारखी. तिथं छर्रा कधी गेलाच नव्हता.

“पण चाकाच्या बेअरिंगाला काही झालं नाही,” मी म्हणालो. चाकाला कंपनीचंच बॉल बेअरिंग होतं, माझ्या जन्माच्या आधीपासूनचं.

“चाक फिरतं रे,” दादा म्हणाले. “ही पाटी कुठं फिरती? ही नुसती डुलती. उलीसं पुढं, उलीसं मागं. छर्‍याला फिरायला जागाच न्हाई. हाय तिथंच ठोके खात राहतो. तेल बी एकदा बाजूला गेलं की परत येत न्हाई.”

“मग तुम्ही दिवाळीत का नाही सांगितलं?”

दादांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, “तू किती खूश होतास.”

मी कडी हातात घेऊन तसाच उभा राहिलो. फिरतं तिथं बॉल बेअरिंग. पण पातं स्वतःभोवती फिरतं कुठं? मधल्या दांड्याचा एक फेरा होईतो ते एकदा जरा वर वळतं, एकदा जरा खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. सेकंदाला कित्येक वेळा, आणि वर टनांचा ताण. आमच्या पाटीपेक्षा किती तरी वाईट अवस्था. मी सगळ्या अहवालात ‘फिरते’ हा एकच शब्द वापरला होता, गाळलेल्या जागेतला. आणि सरांनी त्या शब्दाशेजारीच लिहिलं होतं: किती अंश?

तो टोमणा नव्हता. तो साधा प्रश्न होता. तीनशेसाठ अंश असतील तर फिरतं. दहाबारा असतील तर डुलतं. त्या एका आकड्यावर सगळी निवड उभी होती आणि मी तो आकडा अहवालात कुठंच लिहिला नव्हता.

आणि मग मैदानातला तो शिडीवरचा माणूस आठवला. थांबलेल्या पात्याच्या मुळाशी हात घालून तो ते पातं हळूच वळवून बघत होता, इकडं जरासं, तिकडं जरासं. मी बघितलं होतं. सात वर्षांचा असताना उत्तर माझ्या डोळ्यांपुढं होतं. मी गरगरच लक्षात ठेवली.

दादांनी टेबलावरून एक कागद उचलला. माझं पत्रक. हातानं पाटी दाबून काढलेली एकच प्रत, एका बाजूला शाई जास्त. आयुष्यात पहिल्यांदा माझं काही छापलेलं मी बघत होतो आणि मला ते वाचवेना.

“काल खिळे जुळवून फर्मा चढवला. हे एक निघालं आणि पाटी अडली ती अडलीच,” दादा म्हणाले. “आता सांग. हे दलालीचं. तू बघितलंस?”

“न्हाई.”

“त्यांनी काही घेतलं, कुणी दिलं, कुणी सांगितलं?”

“न्हाई. कपाटात ठोकळा होता.”

“ठोकळा.”

“हाव.”

 दादांनी सळईकडे बघितलं. सह्या केलेल्या प्रूफांचा जाड गठ्ठा तिथं टांगलेला होता. मला दारातल्या त्या बाईचं बोट दिसलं. हे कुणी लिवलं? सोमवारी सकाळी पाचशे लोकांच्या हातात कागद पडला असता आणि पँटीला सायकलची क्लिप लावलेला तो माणूस आयुष्यभर दलाल राहिला असता. मी माफी मागितली असती तरी. माफीचं पत्रक कोण जपून ठेवतं?

“मशीन चालू असती तर छापलं असतं तुम्ही?” मी विचारलं. मला हे विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवलं नाही.

“प्रूफावर तुझी सही कुठाय?” दादा म्हणाले.

“मी लिहिलं होतं की सहीला वेळ नाही.”

“त्यानं सांगितलं वेळ न्हाई म्हणून,” दादा आईला म्हणाले, जणू मी तिथं नव्हतोच, “मंग मशीन काय ऐकती का?” आणि पहिल्यांदा हसले. मी तिथंच खाली बसलो.  धरणाचं दार उघडावं तसं काहीतरी छातीतून वाहून जात होतं.

“उठ,” आई म्हणाली. “भाकरी होईतो तुझं तू मोडून टाक.”

खिळे जुळवणाऱ्यापेक्षा ते मोडून परत खणात टाकणाऱ्याला जास्त लक्ष द्यावं लागतं. चुकीच्या खणात गेलेलं अक्षर पुढच्या छपाईत कुठंही डोकं काढतं. मी फर्मा सोडला आणि ओळीमागून ओळ मोडू लागलो. मथळा आधी. मोठे खिळे, जड. द, ल, काना, ल, वेलांटी. एकेक आपापल्या खणात टणकन पडायचा. माझं एवढं तडफदार वाक्य, ‘आमचा सवाल’, त्याचा स आणि व आणि ल वेगवेगळे झाले तर त्यांत काहीच विष नव्हतं. उद्या ते कुणाच्या लग्नपत्रिकेत जाणार होते. आई चुलीकडून ओरडली, “झालं का रे दलाल मोडून?” आणि मी “झालं!” म्हणालो तेव्हा माझा आवाज किती तरी दिवसांनी मोकळा निघाला.

प्रूफाचा तो एकुलता कागद मात्र मी मोडला नाही. घडी घालून खिशात ठेवला. सोबत बेअरिंगची कडी, रुमालात.

सकाळच्या पहिल्या गाडीनं मी नांदेडला पोचलो. मित्र विभागाच्या दारात येरझाऱ्या घालत होता. “पत्रकं?” त्यानं विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्यानं माझ्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली की रुमालातली कडी खाली पडली.

तोंडी परीक्षेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, “आमच्या अहवालातली निवड चुकली आहे.”

बाहेरून आलेले परीक्षक चष्म्यावरून बघत म्हणाले, “मग तुम्हाला पास कशाला करायचं?”

“का चुकली ते सांगता येईल म्हणून.”

मित्रानं डोळे मिटून घेतले. मी कडी टेबलावर ठेवली. परीक्षकांनी ती उचलून खड्ड्यांवरून नख फिरवलं. मी छापखान्याच्या पाटीचं सांगितलं, फिरणं आणि डुलणं सांगितलं, आणि मग पात्याचं. रबर आणि पोलादाचे थर एकावर एक चिकटवले की दाबाला ते भक्कम राहतात, पण पिळायला मऊ असतात. पातं वळतं तेव्हा काही घासत नाही, रबरच थोडं पिळतं आणि परत येतं. तेल नको, ग्रीस नको. हे सगळं मी पहाटे गाडीत बसून, सरांनी दोन महिन्यांपूर्वी दिलेल्या आणि मी न उघडलेल्या झेरॉक्समधून वाचलं होतं.

“म्हणजे बॉल बेअरिंग तिथं कधीच चालत नाही?” परीक्षकांनी विचारलं.

मी हो म्हणणार होतो. पत्रकात ‘कधीच’ फार शोभतो. पण थांबलो. “जुन्या हेलिकॉप्टरांत होतीच. तेल सतत द्यावं लागायचं, सारखं तपासून बदलावं लागायचं. आणि रबरालाही दुखणी आहेत. तेल लागलं की ते खराब होतं, कडक थंडीत ताठरतं. पण ते खराब होताना बाहेरून दिसतं, चिरा पडतात, कडेनं भुगा सुटतो. बॉल बेअरिंगचे खड्डे उघडल्याशिवाय कळत नाहीत.”

“किती अंश वळतं?”

मी आकडा सांगितला. सर खिडकीतून बाहेर बघत होते, पण त्यांची पेन्सिल टेबलावर एकदा हलकेच वाजली.

आम्ही पास झालो. सगळे गेल्यावर मी सरांच्या खोलीत गेलो आणि खिशातला कागद त्यांच्यापुढं ठेवला. म्हणालो, “हे मी तुमच्याविरुद्ध लिहिलं होतं. छापलं गेलं नाही. पण लिहिलं होतं.”

सरांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, अहवाल वाचायचे तसाच, एकाच वेगानं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होतो.

“किती लोकांनी वाचलंय?”

“माझा मित्र, आई, वडील. आणि तुम्ही.”

“बरं झालं,” ते म्हणाले आणि खुर्चीत मागं टेकले. त्या दोन शब्दांत त्यांनाही सुटल्यासारखं वाटलं असावं. मग उठून त्यांनी कपाटातला ठोकळा आणून माझ्या हातात दिला. बाजूनं रबराला केसाएवढी चीर होती. “हा नापास झालेला माल आहे. कारखाना टाकून देत होता, मी मागून आणला. चीर कशी दिसते ते मुलांना दाखवायला. कपाटात पडून आहे, कुणी विचारतच नाही.”

 मी म्हणालो, “सर, चुकलो.”

त्यांनी खिशातून लाल पेन काढलं. मला वाटलं, आता समासात काहीतरी येणार जे मला जन्मभर पुरेल. त्यांनी ‘रबर’ या शब्दाभोवती गोल केला आणि बाजूला लिहिलं: ‘नुसतं रबर नाही. रबर व पोलाद, थरावर थर.’ कागद परत देत म्हणाले, “एवढी दुरुस्ती करा.”

पुढच्या रविवारी घरी गेलो तेव्हा पाटीला नवे पितळी बुश बसले होते. दादा मशीन चालवत होते आणि आई कागद उचलत होती. मी प्रूफ दाखवलं. दादांनी शाईचं बोट लागू नये म्हणून ते कोपऱ्याला धरून लाल अक्षरं वाचली, मग खाली माझ्याकडून सही करून घेतली आणि सळईत खोचलं.

“बाकी सगळ्या कागदात त्यांना तेवढंच चुकीचं दिसलं?” दादांनी विचारलं.

“तेवढंच लिहिलं त्यांनी.”

“प्रूफ वाचणारा माणूस असा पाहिजे,” दादा म्हणाले आणि पायानं चाक मारलं. “त्यांना म्हणावं, लातूरला आलात तर या घरी.”